शाळागृहांचे कर्ते कोण? : कोलंबस (इंडियाना) येथील सार्वजनिक शाळांच्या इमारतींचा एक विचार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, इंडियाना राज्याच्या राजधानीपासून दक्षिणेस सुमारे चाळीस मैलांवर कोलंबस नावाचे एक गाव आहे. १८२१ मध्ये ते वसले. बार्थोलोम्यू परगण्याची कचेरी येथे आहे, भोवताली मक्याची सपाट शेती आहे, आणि १९५० च्या शिरगणतीत गावाची वस्ती अवघी अठरा हजारांच्या आसपास होती. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाहून मोठे म्हणावे असे त्यात काही नव्हते. तथापि अर्वाचीन वास्तुकलेच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतील वास्तुशिल्पींच्या राष्ट्रीय संस्थेने वास्तुरचनेच्या गुणवत्तेवरून शहरांची क्रमवारी लावली, तेव्हा शिकागो, न्यूयॉर्क, बोस्टन यांसारख्या महानगरांच्या पाठोपाठ सहावा क्रमांक या लहानशा गावाला मिळाला. हा लौकिक ज्या इमारतींमुळे प्राप्त झाला त्यांत चर्चे आहेत, एक बँक आहे, एक ग्रंथालय आहे. परंतु संख्येने सर्वांत अधिक आहेत त्या सार्वजनिक शाळा.

महाराष्ट्राशी या गावाचा संबंध अगदीच दूरचा नाही. ज्या डिझेल एंजिनांच्या कारखान्यावर कोलंबसची भरभराट झाली, त्याच कमिन्स कंपनीच्या भागीदारीतून १९६२ मध्ये पुण्यास किर्लोस्कर कमिन्स हा कारखाना निघाला. महर्षी कर्वे स्त्रीशिक्षण संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी काढलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाशीही हेच नाव जोडलेले आहे. त्यामुळे ज्या शाळांचा येथे विचार करावयाचा आहे त्यांची नावे पुण्यातील काही घरांत तरी ऐकिवात असतील.

या शाळांविषयी लिहिण्याची एक ठरावीक तऱ्हा पडून गेली आहे. शाळेचे नाव, वास्तुशिल्पीचे नाव, वर्ष, एक छायाचित्र आणि शैलीविषयी दोन वाक्ये, एवढ्यावर बहुतेक मार्गदर्शिका थांबतात. प्रवाशाची गरज त्याने भागते. इतिहासाची मात्र नाही. शाळागृह ही सार्वजनिक पैशाने उभी राहणारी, कायद्याने ज्यांना तेथे येणे भाग आहे अशा मुलांनी वापरावयाची वास्तू होय. ती कोणाच्या निर्णयाने उभी राहिली, तिच्यात वर्ग कसे भरले आणि पुढच्या पिढीने तिच्यात काय बदल केले हे वगळून तिचा इतिहास लिहिणे म्हणजे नाटकाच्या इतिहासात केवळ पडदे रंगविणाऱ्यांची नावे देण्यासारखे आहे. पडदे सुंदर असतील, परंतु प्रयोगाचे काय झाले हा प्रश्न राहतोच.

शाळेच्या इमारतीसाठी पैसा कोठून आणावा हा प्रश्न इंडियानात राज्याच्या जन्माहूनही जुना आहे. १७८५ च्या जमीन-कायद्याने वायव्य प्रदेशातील जमिनीची मोजणी छत्तीस चौरस मैलांच्या चौकटींत करावयाची आणि प्रत्येक चौकटीतील सोळावा चौरस मैल शाळांसाठी राखून ठेवावयाचा असे ठरले. १८१६ मध्ये राज्य स्थापन झाले तेव्हाच्या घटनेतही सार्वजनिक शिक्षणाचे कलम होते. पण जमीन राखून ठेवणे वेगळे आणि शाळा बांधणे वेगळे. १८५२ मध्ये मोफत शाळांचा कायदा झाला, तो १८५४ मध्येच न्यायालयात अडखळला. गावाने आपल्यापुरती शाळापट्टी बसविणे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. गावाला स्वतःच्या मुलांसाठी स्वतःवर कर बसविण्याचा हक्क निर्वेधपणे मिळण्यास त्यानंतरही बराच काळ जावा लागला. हा पूर्वेतिहास येथे देण्याचे कारण असे की, पुढे १९५० नंतर कोलंबसमध्ये जे घडले ते याच जुन्या प्रश्नाला मिळालेले एक नवे, काहीसे अनपेक्षित उत्तर होते.

शाळागृहाच्या रचनेचा विचारही अमेरिकेत त्याच सुमारास सुरू झाला होता. हेन्री बर्नार्ड यांचा शालेय वास्तुरचनेवरील ग्रंथ १८४८ चा. कोंदट, अंधाऱ्या, रस्त्याच्या कडेला कशाबशा उभ्या केलेल्या खोल्यांत मुलांना कोंबण्याच्या प्रथेवर त्यांनी कडक टीका केली होती. त्याच वर्षी बोस्टनमध्ये क्विन्सी शाळेची इमारत पुरी झाली. प्रत्येक शिक्षकाला स्वतंत्र खोली, प्रत्येक मुलाला स्वतंत्र बाक, आणि अशा बारा खोल्या मजल्यांवर मजले चढवून रचलेल्या. मधला बोळ, दोहों बाजूंस सारख्या आकाराचे वर्ग, उंच खिडक्या हा साचा पुढे जवळजवळ शंभर वर्षे टिकला. त्याला 'कारखान्याचा साचा' म्हणून नावे ठेवण्याची आता रीत आहे. परंतु एका मोठ्या दालनात सर्व इयत्तांचा गलबला चाललेला असे, त्या काळी एका शिक्षकाला एक खोली मिळणे ही केवढी सुधारणा होती हे ही टीका करणारे विसरतात. या खोलीच्या भिंती पुढे कोणी पाडल्या आणि पुन्हा कोणी उभ्या केल्या, हाही या कथेचा एक भाग आहे.

हा साचा प्रथम खऱ्या अर्थाने मोडला तो १९४० मध्ये, इलिनॉय राज्यातील विनेट्का या लहान गावी. तेथील क्रो आयलंड शाळेची रचना एलिएल आणि ईरो सारिनेन या पितापुत्रांनी शिकागोच्या एका तरुण वास्तुसंस्थेच्या साहाय्याने केली. इमारत एकमजली, प्रत्येक वर्गाचा आकार काटकोनी, प्रत्येकास स्वतःचे अंगण आणि स्वतःचे स्वच्छतागृह. परंतु या शाळेचे महत्त्व तिच्या आकारात जेवढे आहे त्याहून तिच्या जन्मकथेत अधिक आहे. विनेट्काचे शिक्षणप्रमुख कार्लटन वॉशबर्न यांनी मुलांनी आपापल्या गतीने शिकण्याची एक पद्धत आधीच रूढ केली होती आणि त्या पद्धतीला साजेसे घर त्यांना हवे होते. रचना करणाऱ्यांपैकी लॉरेन्स पर्किन्स हे वर्गांत जाऊन बसत, शिक्षकांशी, मुलांशी, शाळेच्या शिपायाशीही बोलत. म्हणजे शिक्षणाचा विचार आधी, भिंती नंतर. कोलंबसच्या शाळा याच कुळातल्या मानल्या जातात, आणि कलेच्या वंशावळीत ते खरेही आहे. परंतु त्यांच्या जन्माची कथा निराळी आहे.

कोलंबसची कथा एंजिनाच्या कारखान्यापासून सुरू होते. क्लेसी कमिन्स हे यंत्रांत रमणारे गृहस्थ स्थानिक पेढीवाले विल्यम आयर्विन यांच्या घरी मोटारचालक होते. आयर्विन यांच्या भांडवलावर १९१९ मध्ये कमिन्स कंपनी निघाली. तिला भरभराटीस आणले ते आयर्विन यांच्या नात्यातील जे. आयर्विन मिलर (१९०९–२००४) यांनी. येल आणि ऑक्सफर्ड येथे शिकलेले, धर्मनिष्ठ, पुढे अमेरिकेतील चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेचे पहिले अदीक्षित अध्यक्ष झालेले मिलर हे केवळ कारखानदार नव्हते. त्यांच्या कुटुंबाच्या पुढाकाराने १९४२ मध्ये एलिएल सारिनेन यांनी गावात एक चर्च बांधले होते. १९५४ मध्ये ईरो सारिनेन यांनी कुटुंबाच्या बँकेची काचेची इमारत बांधली. याच सुमारास कमिन्स प्रतिष्ठानाची स्थापना झाली.

युद्धोत्तर काळात अमेरिकेत सर्वत्र मुलांची संख्या झपाट्याने वाढली, कोलंबसमध्येही वाढली, आणि शाळामंडळाला घाईने इमारती उभ्या करणे भाग पडले. घाईच्या कामाचा दर्जा काय असतो हे निराळे सांगावयास नको. अशा वेळी हॅरी वीज या शिकागोच्या वास्तुशिल्पीकडे लिलियन श्मिट शाळेचे काम आले. ती १९५७ मध्ये पुरी झाली. वीज हे सारिनेन यांच्या क्रॅनब्रुक येथील वर्तुळातून आलेले. श्मिट शाळेच्या अनुभवानंतर प्रतिष्ठानाने शाळामंडळापुढे एक योजना ठेवली. शाळामंडळाने नामवंत वास्तुशिल्पींच्या एका यादीतून आपल्या पसंतीचा वास्तुशिल्पी निवडावा. यादी प्रतिष्ठान स्वतः करणार नाही, त्रयस्थ जाणकार करतील. आणि निवडलेल्या वास्तुशिल्पीचा मेहनताना प्रतिष्ठान देईल. पुढे हीच सवलत इतर सार्वजनिक इमारतींनाही लागू झाली.

कोलंबसच्या शाळांचा खरा आराखडा कोणता असेल तर तो हा करार. त्याकडे मार्गदर्शिकांचे लक्ष फारसे जात नाही. वास्तुशिल्पीचा मेहनताना म्हणजे एकूण खर्चाचा लहानसा हिस्सा. विटा, लोखंड, काच आणि मजुरी यांचा मोठा भार करदात्यांवरच राहिला. म्हणजे देणगीदाराने इमारत दिली नाही. त्याने एक निवड दिली आणि त्या निवडीची कक्षा आखून दिली. शाळामंडळाचा हक्क शाबूत होता, मंडळाला देणगी नाकारून आपल्या परिचयातील स्थानिक वास्तुशिल्पी नेमण्याची मोकळीक होती. परंतु फुकट मिळणारे उत्तम सोडून पैसे मोजून मध्यम घेण्याचा आग्रह कोणते मंडळ धरील? थोड्या पैशात फार मोठा निर्णय वळविण्याची ही युक्ती होती, आणि ती सद्हेतूने योजिलेली होती हेही तितकेच खरे. कारखान्याला देशभरातून हुशार अभियंते आणावयाचे होते, आणि गावात चांगल्या शाळा नसतील तर ते आपली मुलेबाळे घेऊन अशा आडगावी येणार नाहीत हा हिशेब मिलर यांनी कधी लपविला नाही. स्वार्थ आणि परमार्थ यांची अशी उघड सांगड दातृत्वाच्या इतिहासात विरळा आढळते.

या करारातून निघालेल्या शाळा पाहताना एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. वीज यांनी श्मिटनंतर १९६१ मध्ये नॉर्थसाइड ही माध्यमिक शाळा बांधली. ते सोडले तर दुसरी शाळा बांधण्याची संधी येथे नामवंतांपैकी कोणालाही मिळाली नाही. मॅबेल मॅकडॉवेल शाळा (१९६०) जॉन कार्ल वॉर्नेकी यांची, पार्कसाइड (१९६२) ग्रोपियस यांच्या वास्तुसंस्थेतील नॉर्मन फ्लेचर यांची, रिचर्ड्स (१९६५) एडवर्ड लॅरबी बार्न्स यांची, लिंकन (१९६७) गुन्नार बिर्कर्ट्स यांची. १९६९ मध्ये जॉन योहान्सन यांची स्मिथ आणि एलियट नॉइस यांची साउथसाइड. १९७२ मध्ये मौंट हेल्दी आणि ईस्ट हायस्कूल, १९७३ मध्ये फोड्रिया आणि १९८२ मध्ये रिचर्ड मायर यांची क्लिफ्टी क्रीक. यादी दिपवून टाकणारी आहे. परंतु पहिल्या शाळेत काय चुकले हे दुसऱ्या शाळेत सुधारण्याची जी संधी गावच्या सामान्य गवंड्यालाही मिळते, ती या थोर मंडळींना मिळाली नाही. प्रत्येकाने प्रश्न नव्याने मांडला आणि तो आपल्यापरीने सोडवून तो निघून गेला. अनुभव साठला असेल तर तो शाळामंडळाच्या सभासदांपाशी आणि शिक्षकांपाशी. त्यांची नावे मार्गदर्शिकांत नाहीत. श्मिट आणि मॅकडॉवेल यांसारख्या शिक्षिकांची नावे इमारतींना आहेत, एवढेच समाधान.

या सर्वांत श्मिट शाळेचा विचार थोडा सावकाश करावयास हवा, कारण ती करार पक्का होण्यापूर्वीची आणि म्हणून सर्वांत निःसंकोच आहे. विटांची ठेंगणी इमारत, आणि प्रत्येक वर्गावर स्वतंत्र दुपाखी छप्पर. बाहेरून पाहिले असता घरांची एक ओळच मांडल्यासारखी वाटते. सहा वर्षांचे मूल घर सोडून प्रथमच दिवसभर दुसरीकडे बसावयास येते तेव्हा त्याला 'हा माझा वर्ग' असे बाहेरूनच ओळखता यावे, याहून अधिक शहाणपणाची कल्पना या गावातील पुढच्या कोणत्याही शाळेत सापडत नाही. तिला कसल्याही सिद्धान्ताचा आधार लागत नाही. १९९१ मध्ये लीअर्स-वाइन्झापफेल या वास्तुसंस्थेने तिला जोड दिली.

मॅकडॉवेल शाळेत हाच विचार अधिक प्रौढ रूपाने येतो. वर्गांचे छोटे गट एकमेकांपासून अलग ठेवून आच्छादित वाटांनी मधल्या इमारतीशी जोडले आहेत. मधे अंगणे आहेत. शाळा एक मोठे घर नसून एक लहान वाडी आहे अशी ही कल्पना होय. इंडियानाचा हिवाळा लक्षात घेता एका इमारतीतून दुसरीकडे उघड्यावरून जाणे सुखाचे नसणार, आणि ही शंका घेणाऱ्यास कलेची जाण नाही असे म्हणता येणार नाही.

बार्न्स यांच्या रिचर्ड्स शाळेची करवतीच्या दात्यांसारखी छपरे उंचावरून उजेड आत आणतात. कारखान्याच्या छपराचा हा आकार शाळेला दिला गेला याचा उल्लेख कौतुकाने होतो. एंजिनांच्या गावात तो अर्थवाही आहे हे मात्र फारसे कोणी म्हणत नाही.

बिर्कर्ट्स यांची लिंकन शाळा ही या मालिकेतील सर्वांत विचारपूर्वक रचलेली वास्तू मानावी लागेल. जागा गावाच्या दाट वस्तीतली, लहान. त्यांनी चौरस इमारत झाडांच्या वर्तुळात बसविली, भोवती मातीचा बांध घातला आणि खालचा मजला काहीसा जमिनीत घेतला. परिणाम असा की, दुमजली शाळा बाहेरून लहान वाटते आणि शेजारच्या घरांवर ती वडीलकी गाजवीत नाही. मधोमध सर्वांनी एकत्र येण्याचे दालन आणि भोवती वर्ग. बांधाने बाहेरची गडबड अडविली, तशी बाहेरची दृष्टीही अडविली. हे संरक्षण की कोंडमारा, याविषयी दुमत होऊ शकेल. परंतु मूल ज्या उंचीवरून जग पाहते तिचा विचार येथे झालेला आहे, हे मान्य करावेच लागते. त्याच बिर्कर्ट्स यांचे १९८८ चे चर्च आता शेजारी उभे आहे, आणि ते मात्र आपली उंची मुळीच लपवीत नाही.

योहान्सन यांच्या स्मिथ शाळेपासून सूर बदलतो. काँक्रीटचे वर्गसमूह वेगवेगळ्या पातळ्यांवर ठेवून भडक रंगांच्या पत्र्याच्या नळ्यांसारख्या उतारांनी ते जोडलेले आहेत. मुलांना त्यातून धावताना मौज वाटत असेल यात संशय नाही. परंतु या इमारतीत लक्ष वर्गाकडून वर्गांच्या जोडणीकडे गेले आहे. शिकण्याच्या जागेपेक्षा जाण्यायेण्याची जागा बोलकी झाली आहे. आकाराचा आनंद हा वास्तुशिल्पीचा हक्क आहे, पण शाळेत तो मुलाच्या वाट्यास किती येतो हे पाहिलेच पाहिजे.

मौंट हेल्दी आणि फोड्रिया या शाळा त्याहून पुढे गेल्या. तो काळ भिंती पाडण्याचा होता. एका खोलीत एक शिक्षक ही जुनी व्यवस्था मुलाच्या स्वतंत्र बुद्धीला जाचक आहे, सबब वर्गांमधील भिंती काढून सर्वांना एका मोकळ्या अवकाशात आणावे, गट पडावेत, मोडावेत, पुन्हा पडावेत, असे मत अमेरिकेत १९६५ नंतर जोराने मांडले जाऊ लागले. इंडियानात १९५९ च्या कायद्याने लहान लहान शाळा-विभाग एकत्र करण्याचे धोरण आले होते, आणि खेडवळ भागातील मौंट हेल्दी शाळा या नव्या विस्ताराच्या दिवसांतली. हार्डी, होल्झमन आणि फायफर यांनी तीत मोकळे दालन, तिरकस मांडणी आणि झाकून न ठेवता रंगविलेले नळ यांचा उपयोग केला. कॉडिल, रौलेट आणि स्कॉट या वास्तुसंस्थेच्या फोड्रिया शाळेच्या आखणीत तर मुलांचे आणि रहिवाशांचे मत घेण्यात आले. शाळा सगळ्या वस्तीची बैठक व्हावी ही त्यामागील इच्छा. विनेट्काच्या शिपायाला जे स्थान मिळाले होते ते येथे पुन्हा कोणाला तरी मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु मोकळ्या दालनांचे पुढे काय झाले? अमेरिकेत बहुतेक ठिकाणी जे झाले तेच. शेजारच्या गटाचा आवाज, पलीकडे चाललेल्या गाण्याकडे वळणारे लक्ष, आणि एकाच वेळी आपला वर्ग व दुसऱ्याचा वर्ग सांभाळताना शिक्षकांची होणारी ओढाताण. या सर्वांपायी प्रथम कपाटे आडवी लागली, मग पडदे, मग भिंती. मौंट हेल्दीलाही पुढे भिंती घालण्यात आल्या. वास्तुकलेचे अभ्यासक अशा भिंतींकडे मूळ कल्पनेचा भंग म्हणून पाहतात आणि जुनी छायाचित्रेच छापतात. ही दृष्टी मुळातच सदोष आहे. भिंत घालणाऱ्याने इमारत वाचली होती. तीत रोज सहा तास उभे राहून वाचली होती. तिच्यावर लिहिलेला सर्वांत प्रामाणिक अभिप्राय कोणता असेल तर तो ही नंतरची भिंत होय. क्विन्सी शाळेने १८४८ मध्ये शिक्षकाला दिलेली खोली सव्वाशे वर्षांनी नामवंतांनी काढून घेतली आणि शिक्षकांनी ती गाजावाजा न करता परत मिळविली, असा या प्रकरणाचा मथितार्थ निघतो.

याचा अर्थ कोलंबसचा प्रयोग फसला असा मात्र नव्हे. एका लहान गावाने पंचवीस वर्षे सतत आपल्या शाळांसाठी देशातील उत्तम रचनाकार आणले आणि त्यांच्या इमारतींवर स्वतःचा पैसा खर्च केला. चूक झाली तेव्हाही ती कंजूषपणाची किंवा बेफिकिरीची नव्हती. शाळा बांधणे म्हणजे कंत्राट देणे, अशी समजूत जेथे घट्ट झालेली आहे तेथे या गोष्टीचे मोल कमी लेखता येत नाही. आक्षेप आहे तो इतिहासलेखनावर. देणगीदार आणि वास्तुशिल्पी या दोघांतच कर्तृत्व वाटून दिले की करदाता, शाळामंडळ आणि शिक्षक हे तिघे प्रेक्षक होऊन बसतात. करारात निवडीचा अधिकार ज्यांना होता त्यांनी तो कसा वापरला, कोणाला का नाकारले, कोणत्या सभेत कोणत्या खर्चावर वाद झाला, याचे उत्तर शाळामंडळाच्या सभावृत्तांतांत शोधावयास हवे. छायाचित्रांत ते मिळणार नाही.

मॅकडॉवेल शाळेला २००१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. त्यामुळे तिचे मूळ रूप आता कायद्याच्या आणि लौकिकाच्या छत्राखाली आहे, आणि अभ्यासक तेथे जाऊन ते पाहू शकतात. तथापि तो दर्जा मिळण्यापूर्वीच लहान मुलांचे वर्ग तेथून हलविले गेले होते आणि इमारत प्रौढशिक्षणाकडे आली होती. श्मिट शाळेला तो मान मिळालेला नाही. तिच्यात जोड आणि दुरुस्त्या झाल्या, वीज यांच्या मूळ रचनेशेजारी दुसऱ्या हातांचे काम उभे राहिले, आणि त्या दुपाखी छपरांखाली मुलांचे वर्ग भरत राहिले.